प्रस्तावना : धूर गेला, हिशेब राहिला

मच्छेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका गिऱ्हाईक कंपनीकडून एक तक्ता आला. तोवर येणारे कागद ओळखीचे असत: ड्रॉइंग, दराची घासाघीस, रिजेक्शनची डेबिट नोट. हा तक्ता वेगळाच होता. तुमच्या एक किलो कास्टिंगमागे किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो ते स्कोप एक, दोन, तीन असे वेगवेगळे लिहा, अशी त्यात मागणी होती. मुदत आठ दिवस. मालकांनी तक्ता अकाउंटंटकडे सरकवला आणि अकाउंटंटने प्रत्येक रकान्यात 'लागू नाही' असे लिहून तो परत धाडला. मी तेव्हा समोरच्याच खुर्चीत चहा घेत बसलो होतो. खरे सांगायचे तर मलाही त्या उत्तरात काही वावगे वाटले नाही. भट्टी विजेवर चालत होती, धुराडे कधीच उतरवले होते. मग कार्बन कुठला?

हे पुस्तक त्या 'लागू नाही'तून निघाले.

बेळगावहून खानापूरकडे निघाले की उद्यमबाग मागे पडते आणि थोड्या वेळाने मच्छे येते. एका अंगाला विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा परिसर, दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या शेडची वसाहत, आणि मध्ये अजून तग धरून असलेली भाताची शेते. या पट्ट्यात आणि उद्यमबागेत मिळून शंभरावर फौंड्र्या आहेत. पंपाचे केसिंग, व्हॉल्व्हची बॉडी, ट्रॅक्टरचे आणि मोटारीचे सुटे भाग, हायड्रॉलिक्सची ओतीव अंगे असा माल इथून देशभर जातो आणि बराचसा बाहेरही जातो. घरातला कुणीतरी मोल्डिंगला, कुणी फेटलिंगला, कुणी मशीन शॉपला, अशी कुटुंबे आसपासच्या गावांत पुष्कळ आहेत. कार्बन हा शब्द मात्र या गावांत हवामानाच्या संदर्भात आला तो फार उशिरा. इथे कार्बन म्हणजे लोखंडातला कार्बन, तीन-साडेतीन टक्के. तो कमी पडला की जॉब कडक होतो आणि मशीनवर टूल तुटते.

आपल्या भागातल्या उद्योगाची गोष्ट कोळशापासून सुरू होत नाही, हे नव्या वाचकाने आधी ध्यानात घ्यावे. गोकाकची सूत गिरणी १८८०च्या दशकात उभी राहिली ती घटप्रभेच्या धबधब्याच्या जोरावर. पाण्याने चाके फिरवायची आणि त्या चाकांनी चात्या, असा तो व्यवहार होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, मुंबईची शिक्षकाची नोकरी सोडून ते इथे आले, पुढे कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर करू लागले. नगरपालिकेला नवे उपनगर वसवायचे होते म्हणून त्यांना जागा सोडावी लागली. औंधच्या राजांनी कुंडलजवळचे माळरान दिले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावने एक मोठा कारखाना असा हातचा घालवला, पण ओतकामाची विद्या इथून गेली नाही. त्या विद्येला लागणारी आग मग कोकची झाली, आणि क्युपोला ही उंच नळकांड्यासारखी भट्टी पुढची कित्येक दशके या गावाची खूण होऊन राहिली. ज्या दिवशी हीट, म्हणजे लोखंड वितळवून ओतण्याची फेरी, असे त्या दिवशी दोरीवरचे कपडे आत घ्यायचे, हे उद्यमबागेजवळच्या घरांतल्या बायकांना कुणी सांगावे लागत नसे.

धुराची लाज वाटू लागली ती पुढे. देशात १९८१ साली हवा प्रदूषणाचा कायदा आला. ताजमहालाच्या दगडावर डाग पडतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६च्या डिसेंबरात आग्र्याच्या फौंड्र्यांना कोळसा-कोक सोडायला किंवा गाव सोडायला सांगितले. हावड्याच्या फौंड्र्यांवरही दट्ट्या आला. तिथे दिल्लीच्या टेरी संस्थेने स्वित्झर्लंडच्या मदतीने दोन पातळ्यांवरून वारा देणारी सुधारित क्युपोला १९९८ साली चालवून दाखवली आणि साधारण तिसरा हिस्सा कोक वाचवला. भारतातल्या छोट्या उद्योगाने कार्बन कमी केल्याचे हे पहिल्या काही चोख उदाहरणांपैकी एक. गंमत अशी की ते काम धूर आणि कोकचा खर्च यांसाठी झाले. कार्बनचे नाव त्यात मागाहून आले.

बेळगाव-कोल्हापूर पट्ट्याने वेगळी वाट धरली. मोटार कंपन्यांना नेमक्या रचनेचे लोखंड हवे होते, एसजी आयर्नला गंधक चालत नव्हते, आणि क्युपोलात कोकमधले गंधक लोखंडात उतरते. म्हणून एकेका फौंड्रीत इंडक्शन भट्टी आली. बटण दाबले की वितळते, धूर नाही, राख नाही. आम्ही सगळ्यांनी समजून घेतले की प्रश्न सुटला.

तो सुटला का, हे पाहायला एक साधा हिशेब पुरतो, आणि या पुस्तकाचा कणा तोच आहे. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला सर्वसाधारण फौंड्रीत ६०० युनिटच्या आसपास वीज जाते. आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटमागे, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकड्यांप्रमाणे, ०.७२ किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गुणाकार केला की ४३० किलो होतात. आता जुनी क्युपोला घ्या. टनाला १५० किलो कोक. राखेचा भाग वजा करून उरलेला कार्बन जळला की एका किलो कार्बनचा ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. उत्तर पुन्हा ४३० किलोच्या घरात. म्हणजे धूर उद्यमबागेतून उचलला गेला आणि कुठल्यातरी औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून बाहेर पडला. कपडे काळे व्हायचे थांबले. हिशेब जागच्या जागी राहिला.

एवढेच नाही. हावड्याच्या पद्धतीची चांगली क्युपोला टनाला शंभर किलोच्या आत-बाहेर कोकवर चालली तर तिचा आकडा आजच्या विजेपेक्षा बराच खाली येतो. हे वाचून कुणी इंडक्शन भट्टी विकायला काढू नये. क्युपोलाचे गंधक, धूळ आणि कामगाराच्या छातीत जाणारा वायू या हिशेबात धरलेलेच नाहीत. शिवाय कोक आहे तसाच राहणार. वीज मात्र दरवर्षी थोडी थोडी स्वच्छ होत आहे. दिशा विजेचीच बरोबर आहे. पण 'आमची भट्टी विजेची, आम्हाला कार्बन लागू नाही' असे म्हणणाऱ्याने ०.७२ हा आकडा ऑफिसच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

आणि तिसरी भट्टी तर आपल्याला दिसतच नाही. चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत घालायच्या मालात, २० टक्के पिग आयर्न टाकले तर टनामागे २०० किलो झाले. ते कोप्पळ-बळ्ळारीकडच्या झोत भट्टीत खनिजापासून बनते, आणि एक टन पिग आयर्नमागे दोन टनांच्या घरात कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे त्या २०० किलोंबरोबर सुमारे ४०० किलो कार्बन डायऑक्साइड आपल्या गेटमधून आत आला. आपली आख्खी भट्टी टनामागे जेवढा काढते, जवळपास तेवढाच! हा आकडा पहिल्यांदा मांडला तेव्हा मी स्वतः दोनदा तपासला होता. एलईडी दिवे बसवून त्याचा फलक गेटवर लावणाऱ्यांनी आपल्या चार्ज शीटकडे एकदा पाहावे.

तक्त्यातले ते तीन स्कोप म्हणजे हेच. आपल्या आवारात जे जळते ते पहिले, विजेच्या बिलातून जे येते ते दुसरे, आणि आपण विकत घेतलेल्या व विकलेल्या मालामागे जगभर जे जळते ते तिसरे. ही विभागणी 'ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल' नावाच्या २००१ सालच्या हिशेबपद्धतीने रूढ केली. शब्द बोजड आहेत, कल्पना आपल्याकडच्या कुठल्याही दुकानदाराला कळेल अशी आहे: घरचा खर्च, उसना खर्च आणि मालात आधीच बसलेला खर्च.

विषयाचा मागचा इतिहास नव्या वाचकासाठी थोडक्यात. कार्बन डायऑक्साइड उष्णता धरून ठेवतो हे अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी १८५६ साली काचेच्या नळ्या उन्हात ठेवून दाखवले. इंग्लंडात टिंडल यांनी १८५९ पासून तेच काटेकोर मोजले. स्वीडनच्या अऱ्हेनियसने १८९६ साली कागदावर हिशेब करून हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल ते काढले. म्हणजे लक्ष्मणराव बेळगावात सायकली विकत होते तेव्हा हे गणित झालेले होते. १९५८ साली हवाईच्या मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत ३१५ भाग हा वायू होता, आता ४२०च्या वर आहे. पुढची नावे वर्तमानपत्रांतून परिचित आहेत: १९९२ रिओ, १९९७ क्योतो, २०१५ पॅरिस, आणि २०२१ साली ग्लासगोत भारताने दिलेला २०७०चा शब्द.

कारखान्याने काय करावे याबद्दल मात्र एक मत कधीच नव्हते, आणि या क्षेत्राचे खरे घराणे-भेद तिथे आहेत.

पहिले घराणे इंजिनिअरांचे. १९७३च्या तेलसंकटानंतर ते जन्माला आले आणि त्याचा मंत्र एकच, वाया जाणारे आधी वाचवा. आपल्याकडे २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला. २०१२ पासून मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीची उद्दिष्टे ठरवून देणारी 'पॅट' योजना आली. छोट्या फौंड्र्या तिच्या बाहेर राहिल्या, म्हणून त्यांच्यासाठी समूह पाहून वेगळे प्रकल्प निघाले. संयुक्त राष्ट्रांच्या युनिडो या संस्थेबरोबरच्या अशा एका प्रकल्पात कोइंबतूर आणि इंदूरच्या जोडीला बेळगावच्या फौंड्र्या होत्या. या घराण्याला मी माझे घराणे मानतो आणि त्याचे दोषही जाणतो. एनर्जी ऑडिटचा जाडजूड रिपोर्ट येतो, मालक तो कपाटात ठेवतात, आणि पुढच्या ऑडिटर साहेबांना तोच दाखवतात.

तरीही ओतकामात सर्वांत स्वस्त कार्बन याच घराण्याच्या हाताला लागतो. टनभर वितळलेल्या लोखंडातून रनर-रायझर, म्हणजे साच्याच्या वाटांत गोठलेले लोखंड, वजा जाता समजा ६५० किलो कास्टिंग निघाले आणि त्यातले ८ टक्के रिजेक्ट झाले. चांगला माल राहिला ५९८ किलो. म्हणजे एक टन चांगल्या मालामागे वितळवण्याचीच वीज हजार युनिटवर गेली. रिजेक्शन ३ टक्क्यांवर आणले तर ती साडेनऊशेवर येते. नवी भट्टी नको, कर्ज नको. वाळूतली ओल, कोअरचा वायू आणि ओतण्याचे तापमान सांभाळायचे. रायझर-रनर परत चार्जमध्ये टाकताना त्यांना चिकटलेली वाळू झटकली नाही तर तीही आपण वितळवतो, तिचा स्लॅग होतो आणि बिल आपल्या नावे लागते. झाकण नसलेली, साठ सेंटिमीटर तोंडाची भट्टी १५०० अंशांवर उघडी राहिली तर हिशेबाने चाळीस-पन्नास किलोवॅट उष्णता नुसती छताकडे जाते. आणि ती उघडी का राहते? साचे तयार नाहीत म्हणून, क्रेन दुसऱ्या बे मध्ये अडकली म्हणून, स्पेक्ट्रोचा रिपोर्ट घेऊन येणारा पोरगा वाटेत कुणाशी बोलत थांबला म्हणून. हवेच्या लाइनीचे तेच. तीन मिलिमीटरचे एक भोक तीन किलोवॅटच्या आसपास वीज गिळते. रात्री सगळी मशीन बंद झाल्यावर शेडमध्ये पाच मिनिटे गप्प उभे राहा. जो फुसफुस आवाज येतो तो पैशांचा असतो.

दुसरे घराणे म्हणते, बचत करून करून किती कराल, मुळात इंधन बदला. सूर्य, वारा, बायोमास, पुढेमागे हायड्रोजन. छतावरच्या सोलरचा आमच्या वसाहतीत सध्या उत्साह आहे, तो असावाही. फक्त प्रमाण माहीत असावे. हजार चौरस मीटरच्या शेडवर शंभर किलोवॅटचे पॅनेल बसते आणि वर्षाला १ लाख ४० हजारांच्या आसपास युनिट देते, त्यात आपले जून ते सप्टेंबर ढगाळ. महिन्याला ३०० टन वितळवणाऱ्या फौंड्रीला एका महिन्यात नुसत्या भट्टीला १ लाख ८० हजार युनिट लागतात. म्हणजे वर्षभराचे छत महिनाभराची भट्टीदेखील भागवत नाही. ओतकामाला खरी मदत होईल ती दूरच्या वाऱ्याची. गदग-चित्रदुर्गाकडच्या पवनचक्क्यांत चार-सहा फौंड्र्यांनी मिळून भागीदारी घ्यायची आणि ती वीज हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीच्या तारांवरून आणायची. समूहाचे भांडवल किमान २६ टक्के आणि वापर किमान ५१ टक्के, अशी २००५च्या नियमांची अट आहे. चार-सहा मालकांनी एका कागदावर सह्या करणे ही त्याहून अवघड अट आहे, पण सहकारी साखर कारखाने काढलेल्या जिल्ह्याला ती अशक्य वाटू नये.

साखरेचा विषय निघालाच आहे. चिक्कोडी, निपाणी, संकेश्वर, उगार या भागात गाळप सुरू झाले की बॉयलरला उसाचीच चोयटी. गुऱ्हाळावर चिपाड वाळवून चुलाणात घालणारा आमचा शेतकरी बायोमास हा शब्द ऐकण्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून ते करत होता. सहवीजनिर्मितीने त्याला कारखान्याचे रूप दिले आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाने मळीला भाव दिला. चोयटी जळते तो कार्बन उसाने गेल्या हंगामातच हवेतून घेतलेला असतो, म्हणून तो हिशेबात शून्य धरतात. मला तो शून्य पूर्ण पटत नाही. उसाचे पाणी उपसणारा पंप, युरिया, आणि बिगरहंगामात काही ठिकाणी त्याच बॉयलरला लागणारा कोळसा, हे त्या शून्याच्या मागे उभे असतात. निपाणीच्या तंबाखूचे उलटे उदाहरण घ्या. विडीची तंबाखू उन्हात वाळते, आंध्रातल्या सिगारेटच्या तंबाखूसारखी तिला भट्टीची धग लागत नाही, आणि विडी हाताने वळतात. कार्बनच्या तक्त्यात हा उद्योग फार देखणा दिसेल. ती वळणाऱ्या बायकांच्या खोकल्याला त्या तक्त्यात रकाना नाही. कमी कार्बन म्हणजे चांगला उद्योग, असे समीकरण या पुस्तकात कुठेही मांडलेले नाही, ते या कारणाने.

तिसरे घराणे बाजाराचे. कार्बनला किंमत लावा, ज्याला स्वस्तात कमी करता येतो तो करील आणि बाकीचे त्याला पैसे देतील. क्योतो कराराखाली आपल्याकडच्या कितीतरी पवनचक्क्यांनी आणि चोयटीवरच्या वीज प्रकल्पांनी असे क्रेडिट विकले. २०१२ संपता संपता त्याचा भाव एका युरोच्याही खाली कोसळला आणि सल्लागारांची ऑफिसे बंद झाली. आता २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर, २०२३ साली अधिसूचित झालेली भारताची स्वतःची कार्बन क्रेडिट व्यापार योजना आकाराला येत आहे. सुरुवात अर्थात मोठ्यांपासून. झाडे लावून उत्सर्जन 'फेडून' टाकण्याची जी फॅशन आहे तिच्याबद्दल माझे मत वाईट आहे. खानापूरच्या रानात लावलेले रोप जगेल का हे पावसावर आणि गुरांवर आहे. भट्टीतून गेलेला वायू मात्र शेकडो वर्षे वर राहणार हे नक्की आहे.

चौथे घराणे सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत कमी ऐकले गेलेले. ते विचारते, हा माल एवढा करायचाच कशाला? जे. सी. कुमारप्पा हे मूळचे हिशेबतपासनीस. नफ्याच्या वहीत निसर्गाचे भांडवल खर्ची पडलेले दिसत नाही, हे दुखणे त्यांनी ओळखले, आणि १९४५च्या सुमारास टिकाऊ अर्थव्यवहाराची मांडणी केली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांनी १९७४ साली 'अस्त्र' हा गट सुरू केला. किती मेगावॅट लागतील हे आधी विचारू नका, लोकांना उजेड, पाणी, शिजवलेले अन्न किती लागते ते विचारा आणि तिथून उलटे मागे या, असे ते सरकारला सांगत राहिले. पुण्यातल्या प्रयास ऊर्जा गटानेही वीज नियामकांपुढे वर्षानुवर्षे याच जातीचे प्रश्न उभे केले आहेत. फौंड्रीच्या भाषेत या घराण्याचा अर्थ असा: दहा किलोची पंपाची बॉडी आठ किलोत तेवढीच टिकेल असे डिझाइन झाले, तर भट्टी, वाळू, वाहतूक, मशीनिंग या सगळ्यांतला पाचवा हिस्सा कार्बन एकाच रेघेत जातो. ती रेघ पुण्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मारली जाते, मच्छेत नाही. हे गिऱ्हाईकांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे आहे.

हे सगळे आजच का, याची दोन उत्तरे आहेत, एक आभाळातले आणि एक टपालातले. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळा वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर आले आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. आमच्या कास्टिंगच्या गाड्या त्या रांगांत उभ्या होत्या. एका पुराचे खापर एकट्या कार्बनवर फोडता येत नाही. धरणांचा विसर्ग, नदीपात्रातली बांधकामे, भराव हे सगळे त्यात आहे. पण हवा एक अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि सह्याद्रीच्या माथ्याशी राहणाऱ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

टपालातले उत्तर म्हणजे तो तक्ता. सेबीने सर्वांत मोठ्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरणाचा आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्यांचा तिसरा स्कोप म्हणजे आपण. युरोपने सीमेवरचा कार्बन कर ऑक्टोबर २०२३ पासून माहिती गोळा करण्यापुरता आणि जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष पैशांसह लागू केला. लोखंडाचे पाइप आणि पाइप फिटिंग त्या यादीत आहेत. ओतीव यंत्रभागांचा मोठा हिस्सा अजून बाहेर आहे, मात्र यादी खालच्या मालापर्यंत वाढवण्याची हालचाल सुरू झाली आहे. तेव्हा आज 'लागू नाही' लिहिणाऱ्याला उद्या गिऱ्हाईक ठरावीक मोठा आकडा आपल्या मनाने धरून देईल, आणि तो खऱ्या आकड्यापेक्षा जास्तच असेल. मोजत नाही त्याला दंड मोजावा लागतो.

यात अन्याय आहे, तो झाकायचे कारण नाही. तक्ता पाठवणारी कंपनी किलोमागे दर मात्र मागच्याच वर्षीचा देते, वर दोन टक्के कपात मागते. ज्यांनी दीडशे वर्षे कोळसा जाळून घर भरले ते आता सीमेवर कर लावतात. दहा-वीस टनांची फौंड्री चालवणाऱ्याने झाकण, सॉफ्ट स्टार्टर, सँड प्लँट, पवनचक्कीतला वाटा हे सगळे कशातून करावे? माझे म्हणणे, हा खर्च दरात धरून मागावा, आणि मागायचा तर आपल्याकडे आपले स्वतःचे मोजलेले आकडे हवेत. रिकाम्या हाताने केलेली तक्रार खरेदी खात्यात कुणी ऐकून घेत नाही.

या पुस्तकाचा प्रयत्न एवढाच आहे. छोट्या आणि मधल्या कारखानदाराला, शिफ्ट सुपरवायझरला, डिप्लोमा करून नुकत्याच लागलेल्या मुलामुलींना आपला कार्बन आपल्याच कागदांतून काढता यावा. हेस्कॉमचे किंवा महावितरणचे बिल, चार्ज शीट, डिझेलच्या पावत्या, डिस्पॅच रजिस्टर यांपलीकडे कुठलीही सामग्री इथे गृहीत धरलेली नाही. ओतकामाला जागा जास्त दिली आहे कारण लेखकाचे हात त्यातच काळे झाले. साखर, यंत्रमाग, दुग्ध आणि बेकरी यांच्यासाठी तीच रीत थोडक्यात लावून दाखवली आहे. सिमेंट आणि मोठ्या पोलाद कारखान्यांचा विचार जाणूनबुजून बाजूला ठेवला. त्यांच्याकडे माणसे आणि पैसा दोन्ही आहेत. भाषा आपल्या शॉपमध्ये बोलतात तशी ठेवली आहे. उत्सर्जन म्हटल्यावर ज्याला अवघडल्यासारखे होते त्याला 'हीटमागे किती युनिट' हे लगेच कळते.

पाने उलटताना एक वाद वाचकाला पुन्हा पुन्हा भेटेल: चार्जमधले पिग आयर्न कमी करून भंगार वाढवले तर आपला आकडा उतरतो, पण देशातले चांगले भंगार मोजकेच आहे. आपण उचललेले भंगार दुसऱ्याला मिळाले नाही तर तो पिग आयर्न घेणार. मग पृथ्वीचे काय वाचले? मला याचे पुरते समाधान करणारे उत्तर सापडलेले नाही. पुस्तकात दोन्ही बाजूंचे आकडे दिले आहेत.

तो 'लागू नाही'चा तक्ता पुढे परत आला, यावेळी ताकीद देऊन. त्या मालकांनी आणि मी मिळून तो भरायला तीन रविवार घेतले. पहिल्या रविवारी कळले की भट्टीला वेगळा मीटरच नाही. कॉम्प्रेसर, सँड प्लँट, पंखे आणि ऑफिसचा एसी सगळे एकाच बिलात. चार हजारांच्या आत एक सब-मीटर आला. त्या मीटरवर पहिल्याच आठवड्यात दिसले की सोमवारची पहिली हीट इतर दिवसांपेक्षा बरीच जास्त वीज खाते, कारण रविवारी भट्टी थंड पडते आणि सोमवारी पहाटे तिचे अस्तर पुन्हा तापवावे लागते. हे तिथल्या मेल्टरना वीस वर्षे माहीत होते. त्यांना कुणी विचारले नव्हते.

म्हणून वाचकाला एक विनंती. पहिले प्रकरण उघडण्याआधी गेल्या बारा महिन्यांची विजेची बिले आणि तेवढ्याच महिन्यांचे डिस्पॅच रजिस्टर काढून टेबलावर ठेवा. एकूण युनिटना चांगल्या मालाच्या किलोंनी भागा आणि आलेला आकडा या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहा. नंतर मेल्टरला बोलावून घ्या, त्याच्यासाठीही एक चहा सांगा, आणि तो आकडा त्याला दाखवा.